कातडी नसलेल्या माणसाची उजवी बाजू

तीर्थस्वरूप भावोजी यांस,

साष्टांग नमस्कार. (आडवा पडलोच आहे, पण उताणा. पालथं व्हायला आपल्याच सिस्टरनी मनाई केली आहे. तेव्हा नमस्कार मागच्या बाजूने पोचला असं समजून गोड मानून घ्यावा.)

आपली प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण सकाळी राउंडला आलात तेव्हा ती पाहिली. चेहरा तजेलदार, आवाज खणखणीत, आणि मागून चालणाऱ्या तिन्ही शिकाऊ डॉक्टरांना आपला विनोद संपायच्या आतच हसू फुटत होतं, म्हणजे सगळं ठीकच आहे. फक्त माझ्या कॉटपाशी आल्यावर आपली मान वळेना. आपण माझ्या पोटाशी बोललात, माझ्याशी नाही. आणि जाता जाता सिस्टरना म्हणालात, "यांचं अपेंडिक्स उद्या दुसरे डॉक्टर काढतील. मी नातेवाइकांवर हात चालवत नाही." ते दुसरे डॉक्टर मघाशी येऊन गेले. त्यांनी माझी फाइल नीट वाचली, मान डोलावली आणि शेजारच्या कॉटवरच्या आजोबांचं पोट दाबलं. आजोबा ओरडले तेव्हा ते समाधानाने "बरोबर आहे" म्हणाले. आजोबांचा पाय मोडला आहे.

आपण रागावला आहात ते माझ्या रहस्यकथेवरून, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ते प्रकरण मुळापासून सांगतो. साप्ताहिकात माझी कथा क्रमशः सुरू झाली आणि दुसऱ्याच भागात मी एका व्यापाऱ्याला गुडघ्यात सुरा खुपसून जागच्या जागी ठार केलं. संपादकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "अहो, गुडघ्याने माणूस मरत नाही, लंगडतो. जरा अभ्यास करा." म्हणून मी आपल्या घरी आलो आणि शरीराच्या रंगीत चित्रांचा तो जाडजूड ग्रंथ मागितला. आपण तो दिलात, नाही असं नाही. पण ताई, माझी बायको आणि घरी आलेल्या चार पाहुण्यांसमोर हेही म्हणालात, "घेऊन जा, पण चित्रंच बघ. मजकुराच्या वाटेला जाऊ नकोस, झेपणार नाही." सगळे हसले. आमची सौभाग्यवती सर्वांत शेवटी थांबली. आपलं ते मजकुराचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी अभ्यासाला लागलो. पहिल्याच चित्रातला तो कातडी नसलेला माणूस तर माझा जिवलगच झाला. तळहात पुढे करून उभा असतो, झडती घ्यायला आलेल्यांना "बघा, माझ्याकडे काही लपवलेलं नाही" असं सांगत असल्यासारखा. त्याची मोठी प्रत काढून मी बाथरूमच्या दारावर लावली, म्हणजे येता-जाता पाठ होईल. (सासूबाईंनी चष्म्याशिवाय त्याला पाहून "आत कोणी आहे का?" असं अदबीने विचारलं आणि बराच वेळ बाहेर उभ्या राहिल्या.) पण भावोजी, एक सांगू का, आपलं शास्त्र अपुरं आहे. आपण म्हणतो पोटात माया असते, पोटात गोळा येतो, पोटात राग ठेवू नये. मी सगळी पानं पालथी घातली. माया, गोळा, राग, एकाचंही चित्र नाही. सगळी जागा आतड्यांनी अडवलेली.

ज्ञान वाढलं तशी माझी भाषाही वाढली. पूर्वी माझी नायिका नुसती लाजायची. आता तिच्या गालांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावू लागल्या. नायकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तो हात त्वचा, चरबी आणि तीन स्नायू ओलांडून हाडापर्यंत पोचायला दीड पान लागायचं. संपादकांनी काळजीने विचारलं, "बाई आजारी आहेत का?" घरीही तेच. जेवताना मी सौभाग्यवतीच्या गळ्याकडे अभ्यासू नजरेने पाहत होतो, तर तिने पदर ओढून घेतला आणि मला दुसऱ्या खोलीत जेवायला बसवलं.

आता कथेतल्या खुनी सर्जनबद्दल. तो रोग्यांचे चांगलेचुंगले अवयव काढून घेतो, हात धुताना शीळ घालतो आणि त्याच्या कानांवर केस आहेत. यावरून आपण स्वतःला ओळखलंत आणि गेला महिनाभर ताईलाही माझ्याकडे येऊ दिलं नाहीत. भावोजी, जगात कानांवर केस असलेले सर्जन पुष्कळ असतील. शीळ तर कोणीही घालतं. आपल्याच इस्पितळातले वॉर्डबॉय आपल्याला पाठीमागे त्या पात्राच्या नावाने हाक मारतात यात लेखकाचा काय दोष? उलट आपल्याला एवढ्या लोकांनी पहिल्यांदाच आपण होऊन वाचलं. आपली चिठ्ठी तर औषधाच्या दुकानातही दोघे मिळून वाचतात.

मग परवा माझं पोट दुखू लागलं, खाली उजवीकडे. मी घाबरलो नाही. ग्रंथ उघडला. अपेंडिक्स चित्रात स्वच्छ डावीकडे दाखवलेलं होतं. म्हणजे हे अपेंडिक्स नव्हे, वात आहे, असं मी सौभाग्यवतीला चित्रासकट समजावून दिलं आणि ओवा चघळत दोन दिवस काढले. शेवटी तिने माझं न ऐकता आपल्याला फोन केला. आपण आलात (त्याबद्दल आभारी आहे), पोट दाबलंत, मी किंचाळलो आणि किंचाळत असतानाच ग्रंथातलं पान आपल्यापुढे धरलं. तेव्हा आपण जे म्हणालात ते अजून कानात आहे. "अरे शहाण्या, तो माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे! त्याची उजवी ती तुझी डावी!" ताई हसली. सौभाग्यवती हसली. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा हसला. आपण लगेच परत नेलेल्या त्या ग्रंथात, चित्राखाली बारीक अक्षरात 'उजवी बाजू' असं लिहिलेलं आहे म्हणे. असेल. मला मजकूर वाचू नकोस असं कोणी सांगितलं होतं?

म्हणजे माझ्या कथेत यकृतावरचे सगळे वारही चुकीच्या बाजूला झाले, आणि गुप्तहेराने त्यावरूनच खुनी पकडला आहे. पण ते आता जाऊ द्या.

ताईला आशीर्वाद, नव्हे, ती मोठी आहे, नमस्कार. कळावे. लोभ होता तेवढा तरी परत यावा.

आपला,
कॉटवरचा मेव्हणा

ता. क. कथेचा शेवटचा भाग अजून माझ्याजवळच आहे. त्यात सर्जनला फाशी होते. पण विचार केला तर तो निर्दोषही सुटू शकतो. खुनी त्याचा जुळा भाऊ निघेल. कानांवरचे केसही उतरवता येतील.

पुन्हा ता. क. खरं सांगायचं तर मला फार भीती वाटते. आपल्याला मी जन्मात चांगलं म्हटलेलं नाही, पण पोट उघडायचंच असेल तर ते आपल्याच हातांनी उघडावं. आपण मला शिव्या देत कापा, शीळ घालत कापा, पण आपणच या. त्या दुसऱ्या डॉक्टरांना आजोबांकडेच राहू द्या.

आणखी एक. कोणीही आलं तरी चूक होऊ नये म्हणून खबरदारी घेतली आहे. इंजेक्शनने दुखणं थांबलंय, त्यामुळे पोटाला विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून पक्क्या शाईच्या पेनाने पोटावर ठळक बाण काढला आहे. आरशातला माणूसही माझ्याकडे तोंड करून उभा होता, हे मी विसरलो नाही. आपला नियम लावला आणि बरोबर उलट्या बाजूला काढला.

भाऊजी,
पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाण डावीकडे आहे. स्पिरिटने घासला, पण पुरता गेला नाही, तेव्हा त्याच्याकडे लक्ष देऊ नका. दुपारी वन्संशी बोलणं झालं, आपणच ऑपरेशन करणार हे यांना मुद्दाम सांगितलेलं नाही. रात्रभर भिऊ देत. आणि आपलं ते पुस्तक, तुम्ही परत नेलेलं, यांनी पुन्हा मागवून उशीखाली ठेवलं आहे. गुंगीचं औषध लागलं की काढून तुमच्या शिकाऊ डॉक्टरांकडे देते. शुद्धीवर आल्यावर हे देणार नाहीत.