मालकांशी उद्या बोलतो

३ मार्च, सकाळी सहा
मालकांनी मला मुकादम केलं. शिट्टी दिली, पितळी, निळ्या दोरीची. आपल्या मुलखातून इथे टोमॅटो तोडायला आलेल्या चाळीस माणसांत मीच. मालकांना माणसाची पारख आहे. संकल्प : शिट्टी डोक्यात जाऊ द्यायची नाही.

५ मार्च
डॉक्टरांनी बायकोला रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय. लघवीला जळजळ, अंगात ताप. ती दिवसभर पाण्याला शिवत नाही. शेतात बायकांना संडास नाही आणि टोमॅटोचं झाड कमरेएवढं, आडोसा कुठला? म्हणाली, अहो, आता मुकादम झालात, मालकांशी बोला. बरोबर आहे तिचं. उद्या बोलतो.

६ मार्च
मालक घाईत होते. अशा विषयाला मूड लागतो.

९ मार्च
मालकांशी बोललो. हवामानावर. सुरुवात झकास झाली. बायकोला सांगितलं, विषय काढलाय, मालक विचार करताहेत. हे अगदीच खोटं नाही. मालक कसला ना कसला विचार करतच असतात.

१४ मार्च
शिट्टी वाजवली आणि बायका सरीत खाली बसल्या. घोषणा नाही, शिवी नाही. हात मांडीवर. पुन्हा वाजवली तर पुरुषही बसले. शिट्टीत बिघाड असावा.

१५ मार्च
नवी शिट्टी आणली. प्लॅस्टिकची, पण आवाज दणदणीत. सगळे बसले. सगळ्यात आधी कोण बसतं ते नीट पाहिलं. बायको.
खोलीवर विषय काढला नाही. घर आणि ड्यूटी वेगळी ठेवावी.

१८ मार्च
शेतमजूर संघटनेच्या ताई आल्या. मागण्या वाचून दाखवल्या : बायकांसाठी संडास, प्यायला स्वच्छ पाणी, आणि माणसांना शिट्टीनं नाही, नावानं बोलवायचं. तिसरी माझ्याबद्दल नसावी. जनरल असेल.

२२ मार्च
मालकांनी ट्रॅक्टर सरीच्या तोंडाशी आणला. इंजिन चालूच. कोणी उठलं नाही, कोणी दगड उचलला नाही. चाक बायकोच्या पायापासून हातभर लांब. मी शिट्टी वाजवली. ट्रॅक्टर थांबवायला की तिला उठवायला, आठवत नाही. ट्रॅक्टरसाठीच असणार. मला काही वाटलं नाही.

२५ मार्च
विचार केला, कोणीतरी आतून लढलं पाहिजे. मालकांचा विश्वास टिकवायचा, मग योग्य वेळी मुद्दा मांडायचा. म्हणून आज एकट्यानं तोडा केला. सात क्रेट. बाकीचा माल झाडावरच पिकून फुटतोय.
बायको ताप घेऊन बसली होती. शेजारणीनं तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मी पाहिलं आणि पुढची सरी धरली. उद्या नक्की बोलतो. मुद्दे लिहून काढलेत.

३१ मार्च
मालक मागण्यांवर सही करायला तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, दोन शब्द बोलायला सांगितलं तर तयारी असावी. मालक ताईंना म्हणाले, संडासाचं काम ते केवढं, आमच्या मुकादमानं एका शब्दानं सांगितलं असतं तर तेव्हाच केलं असतं.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनं नाही पाहिलं. ती मालकांना म्हणाली, अठरा दिवस तुमच्या डोळ्यांसमोर बसलो, तेव्हा तरी कुठे लगेच केलंत? सही करा.
मालकांनी सही केली. माझे मुद्दे खिशातच राहिले.

४ एप्रिल
संडास झाले. तीन दारं, आतून कडी लागते. बायको सरीत उभी राहून, सगळ्यांच्या देखत, तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. मला म्हणायचं होतं, जरा सावकाश. म्हटलं नाही.

५ एप्रिल, सकाळी सहा
शिट्टी मालकांनी परत घेतली. मीही देणारच होतो.
आता हजेरी बायको घेते, यादीवरून, एकेकाला नावानं हाक मारून. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आजवर मला ती 'अहो' म्हणत आली. आज पहिल्यांदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं, चौतिसाव्या नंबरला, सगळ्यांसारखंच.
मी हजर म्हणालो. तिनं नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.