वीस वाफे, एक पेरणी

दि. ४ जानेवारी

चि. सौ. धाकटीस ज्येष्ठ बंधूचे सविस्तर आशीर्वाद.

तुझ्या थोरल्या दिरांचे फर्मान वाचले. रुग्णालयाच्या उपाहारगृहास दोन महिने रोज चाळीस जुड्या पालक अखंड पोहोचला, तर मळ्यातला तो वीस वाफ्यांचा तुकडा तुम्हा दोघी जावांकडे. एक दिवस चुकला, तर तिथे कांदा. त्यांची धर्मपत्नीच प्रतिपक्षात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आहे ना?

प्रस्तुत बंधूने कचेरीत तीस वर्षे फायली लावल्या असल्याने कृषिशास्त्रावरील त्याचा अधिकार निर्विवाद आहे. सबब, वीसही वाफे एकाच दिवशी पेरावेत. एकरूपता हा सुव्यवस्थेचा प्राण होय.

स्नेह कायम असावा, उपदेश तर राहीलच.
तुझा दादा

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी एकरूपता उगवली. परसातल्या दोन वाफ्यांपलीकडे मला अनुभव नव्हता, म्हणून तुझे ऐकले. वीसही वाफे एकदम तयार झाले आहेत. उद्यापासून उपाहारगृहाला रोज एकच वाफा लागणार. आठवड्याभरात उरलेला पालक निबर होईल आणि कापलेला पुन्हा फुटायला वीस दिवस लागतील. मधले तेरा दिवस काय पाठवू? तुझ्या फायली?

एक व्यापारी सगळा पालक पाव किमतीत उचलायला तयार होता. जाऊबाई त्याला म्हणाल्या की भाव पडतो तो आमच्या घाईमुळे, आणि आम्हाला घाई नाही. मग आम्ही दोघी आठवडी बाजारातल्या सात भाजीवाल्यांकडे गेलो. त्यांचा पालक अजून कोवळा आहे. त्यांना सुचवले, की आमच्या तेरा वाफ्यांचा पालक त्यांनी आज उसना न्यावा आणि आपापल्या गल्लीत विकावा. त्यांचा तयार झाला की जुडीला जुडी परत द्यावी. त्यांच्यातल्या दोघींनी नाक मुरडले, पाच जणी तयार झाल्या. मुळासकट उपटून रिकामे झालेले ते वाफे आता रोज एक याप्रमाणे पेरते आहे, म्हणजे पुढे रोज एकच तयार होईल.

भावजींना यातले काही सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस.
तुझी धाकटी

दि. १३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस नतमस्तक आशीर्वाद.

कृषिसल्लागारपदाचा राजीनामा सोबत जोडला आहे. तुझ्या वहिनीने तो मोठ्याने वाचून तत्काळ मंजूर केला. शुक्रवारी येतो. जुड्या बांधण्यास किमान अर्हता लागत नसावी.
पदच्युत दादा

दि. १० एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तू बांधलेल्या जुड्या आम्हाला पुन्हा बांधाव्या लागल्या, हे तेव्हा सांगितले नव्हते. पण त्या पाच जणींनी एकही जुडी बुडवली नाही, आणि काल दोन महिने पुरे झाले. एक दिवसही चुकला नाही.

आम्ही कुठेतरी चुकलोच असणार या खात्रीने आज सकाळी भावजी कांद्यासाठी मोजमापाची टेप घेऊन आले. एक वाफा कापलेला, एक नुसता अंकुरलेला, एक बोटभर, एक वीतभर. यातला रिकामा कधी होणार, असे त्यांनी विचारले. जाऊबाई खाली बसून कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की आता एकही होणार नाही. आलाच आहात तर या चाळीस जुड्या उपाहारगृहात टाकून या.

टेप खिशात घालून ते टोपली घेऊन गेले.

माया आहे तशीच ठेव, सल्ले मात्र विचारल्यावर दे.
तुझी धाकटी