बंद घराचा वास

सांबरा,
गुरुवार, दुपार

प्रिय पारमिता,

पोचलीस ना गं सुखरूप? आधी चपला काढ. दारातल्या खालच्या पायरीवर काढायच्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या आणि मगच आत पाय टाकायचा. सोडायला आलेला माणूस अजून दारात उभा असेल तर हे पत्र आत्ता वाचू नकोस. त्याला दोन-तीनदा वाकून नमस्कार कर, म्हणजे तो जाईल. पाकिटावर ‘पोचल्यावर उघड’ असं मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. बंगळूरलाच उघडलं असशील तर गपचूप बंद कर आणि चटणीच्या डब्याखाली परत ठेव. पोचली असशील तर मला पहिल्यांदा एवढंच सांग, दार उघडलंस तेव्हा कुबट वास आला का? मी सोडल्यापासून सव्वादोन वर्षं त्या घरात कोणी राहिलेलं नाही. तिथली हवा लई दमट, महिनाभर घर बंद राहिलं तरी खाली अंथरलेल्या गवताच्या चटयांना बुरशी धरते. वास आला की नाही ते नीट लक्षात ठेव, कारण तासाभरात नाकाला सवय होते आणि मग काही कळत नाही.

कॅम्पातल्या बेकरीच्या माडीवर माझ्या इंग्रजीच्या वर्गाला निपाणीहून दोन तास बसमध्ये बसून येणारी तू एकटीच होतीस. म्हणून जपानातल्या त्या गावच्या शिक्षण कचेरीचं पत्र आलं तेव्हा मी तुझं नाव दिलं. तुझे वडील भीमाप्पा काका मला भेटायला आले, खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि त्यांनी एकच विचारलं, “पोरगी तिथं एकटी ऱ्हाईल न्हवं?” मी म्हटलं, व्हय काका, लई चांगली माणसं आहेत. ते खोटं नव्हतं. पण तुम्हा दोघांना मी माझ्या तिथल्या सहा वर्षांतलं निवडून निवडून गोड तेवढंच वाढलं, चेरीची फुलं, वेळेवर येणाऱ्या गाड्या आणि शाळेत पोरांबरोबर बसून जेवायचं. बाकीचं इथं लिहिते. आता रागावलीस तरी परत फिरायचं तिकीट तुझ्याकडं नाही.

शाळा दोन, मिळून पोरं एक्केचाळीस. तुझं काम काय, तर उभं राहून इंग्रजी वाक्य वाचायचं, पोरांनी मागून म्हणायचं. आपण पाढे म्हणायचो तसंच. पहिले सहा महिने मला वाटायचं, यापेक्षा टेपरेकॉर्डर आणला असता तर स्वस्त पडला असता. पोरं गुणी आहेत, पण चुकायला घाबरतात. तू स्वतः मुद्दाम चुकत जा, जपानीत चुकीचं बोल, त्यांना हसू दे, मग ती बोलतात. शिक्षकांच्या खोलीत सगळे सभ्य, सगळे कामात. तुझ्याशी वाईट कोणी वागणार नाही आणि घरी चहाला ये असंही कोणी म्हणणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी ‘दमलात, आभारी आहे’ म्हणून तू घरी येशील आणि सोमवारी सकाळी ‘सुप्रभात’ म्हणेपर्यंत तुझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नसेल. मला पहिल्या हिवाळ्यात एका सोमवारी आवाजच फुटेना. मी घाबरले, घसा बसला म्हणून गरम पाणी प्यायले, मग लक्षात आलं की अडीच दिवसांत तो वापरलाच नव्हता. त्यानंतर मी भाताच्या कुकरशी बोलायला लागले. चांगलं खणखणीत मराठीत. झालास का रं, उघडू का, आज जरा चिकट झालास. हसू नकोस, महिनाभरात तूही बोलशील.

रॉकेलचा लाल डबा मोरीशेजारी आहे. थंडी पडायच्या आत भरून घे, स्टोव्ह त्यावरच चालतो. जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, आठच्या आत. रोज संध्याकाळी पाच वाजता गावभर भोंग्यावर एक गाणं वाजतं, पोरांनी घरी जावं म्हणून. गाणं साधंच आहे, पण पहिल्या वर्षी ते वाजलं की मी सरळ आत जाऊन नळ सोडायची, ऐकू येऊ नये म्हणून. तुझ्या आईला सांग, टेकडीवर बुद्धाचं देऊळ आहे. वंदना म्हणायला तिथं कोणी अडवत नाही, तिथले बुवा फक्त कौतुकानं बघतात.

आता शेजारचं सांगते. पहिल्याच वर्षी डिसेंबरात सकाळी शाळेला निघाले, दार सरकवलं, तर उंबऱ्याबाहेर तीन पिवळीधमक लिंबं. माणूस नाही, चिठ्ठी नाही. माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या घरात असलं काही मानत नाहीत, पण मी सांबऱ्याची गं! आमच्याकडं दारात लिंबू दिसलं की आई आम्हाला हाताला धरून कडेनं न्यायची. इंग्रजीत एम. ए. झालेली मी, केरसुणी घेतली आणि लांबून ढकलत ढकलत ती लिंबं गटारात घातली. वर तीन चिमटी मीठ टाकलं. मान वर केली तर शेजारच्या खिडकीत एक म्हातारी उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. ती हारुए-सान. वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो ना, त्या दिवशी तिथं असली लिंबं गरम पाण्यात सोडून आंघोळ करतात. नवीन आलेल्या बाईला माहीत नसेल म्हणून तिनं झाडाची तोडून आणून ठेवली होती. त्यात मीठ तिथली माणसं मर्तिकाहून आल्यावर टाकतात, म्हणजे मी तिच्या लिंबांचं सुतकच काढलं. आठवडाभर मला तोंड वर करवेना. शेवटी वहीत चित्रं काढून तिला आपल्याकडची करणी समजावून सांगितली. भिंतीला धरून हसली ती. पुढं दर वर्षी लिंबं ठेवली की खिडकीतून ओरडायची, “भूत न्हाय गं यात, घे!”

तिचं बोलणं मी हे असंच लिहिणार, कारण मला ते असंच ऐकू यायचं. पुस्तकातलं जपानी वेगळं आणि त्या डोंगरातलं वेगळं. पुण्यात मी आपल्याकडच्या बायकांसारखं ‘आलतो’ म्हटलं की पोरी हसायच्या ना, तसंच टोकियोला गेले तेव्हा दुकानातली बाई माझं जपानी ऐकून तोंडावर हात धरून हसली. मी हारुए-सानकडून शिकले होते, दुसरं काय होणार! त्या पहिल्या वर्षी ती ऐंशीची होती. नवरा गेलेला. मुलगा कॅनडात, तिकडचीच बायको केलेली. नात एमा, तिला जपानी येत नाही आणि आजीला इंग्रजी येत नाही. फोनवर दोघी एकमेकींकडं बघून हात हलवायच्या आणि फोन ठेवायच्या. एक दिवस फिरती पाटी द्यायला गेले, तेव्हा हारुए-साननं मला आत बसवून घेतलं. फिरती पाटी म्हणजे गावच्या सूचना लावलेला एक पुठ्ठा. एका घरानं वाचायचा, शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी स्वतः नेऊन द्यायचा. माझ्यानंतर तिचं घर. तर ती म्हणाली, मला एमाला एक पत्र लिहायचंय. दुसऱ्यानं लिहिलेलं नको, माझ्या हातानं.

मग दर बुधवारी शाळा सुटली की मी तिच्याकडं. खालून गरम होणारं बुटकं टेबल, त्याच्यावर रजई, रजईत दोघींचे पाय, आणि ती ए बी सी डी गिरवतेय. हात कापायचा. आर तिला कधी नीट जमला नाही. शाळेत मी एक्केचाळीस पोरांना वाचून दाखवत होते, पण शिकवलं म्हणशील तर मी त्या गावात या एका बाईला शिकवलं. ती मला मुळ्याचं लोणचं वाढायची, मी शेंगांची चटणी न्यायची, ती ती भातावर पसरून खायची आणि डोळ्यांतनं पाणी काढत अजून मागायची. तिच्याशी बोलायला लागल्यावर माझं कुकरशी बोलणं कधी थांबलं मला कळलंही नाही. चार वर्षांत पत्राच्या तीन ओळी झाल्या. चौथ्या ओळीत तिला काय लिहायचं होतं ते ती मला सांगत नव्हती. म्हणायची, शब्द आले की मीच लिहीन.

त्या जानेवारीत सांबऱ्याहून नागोजीचा, माझ्या भावाचा, फोन आला की आईचं एक अंग गेलं. मी दोन कपडे पिशवीत कोंबले. घराची किल्ली हारुए-सानच्या हातात दिली आणि म्हटलं, पंधरा दिवसांत येते, पत्र पुरं करू. ती बर्फात उभी होती, गाडी वळेपर्यंत वाकलेली. पंधरा दिवसांचे अकरा महिने झाले. नागोजीची नोकरी हुबळीला, त्याची पोरं लहान, मी बिनलग्नाची, म्हणजे कोण थांबणार हे कोणी बोलून दाखवायची गरजच नव्हती. आईला कूस बदलून द्यायची, भरवायचं, धुवायचं. तिचं बोलणं अडखळायचं, तरी एकदा स्पष्ट म्हणाली, “जा की गं तू परत. तिकडं कोण तरी वाट बघत असंल.” मी म्हटलं, कोण न्हाय बघत. मेलवर राजीनामा लिहायला मला पाच मिनिटं लागली. हारुए-सानचा नंबर मला पाठ होता, आजही आहे. मी तो लावला नाही. आधी वाटलं, नक्की काय ते ठरलं की सांगू. मग ठरलं, तेव्हा वाटलं, आता कुठल्या तोंडानं सांगू. मग आई गेली आणि मला कोणाशीच बोलावंसं वाटेना.

आता या घरात मी एकटी. विमानतळ शेजारीच, विमान डोक्यावरून गेलं की भांडी हलतात, सकाळी कॅम्पात वर्ग, दुपारी परत. सुट्टी लागली की मी पुन्हा कुकरशी बोलते, आणि इथं तर अख्खं गाव मराठी बोलतं. चुलत बहीण अक्काताई येते अधूनमधून, पण ती लग्नाची स्थळं घेऊन येते. मी तिला चहा देऊन वाटेला लावते.

तुला आणि काकांना मी सांगितलं की कचेरीनं ‘कोणी आहे का’ असं विचारलं. पत्रात पहिली ओळ वेगळी होती. तुम्ही परत याल का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी वयाचं, घराचं कारण लिहून नाही म्हटलं. खरं कारण आई आजारी असताना, श्रावणात, आलेलं एक कार्ड आहे. पाकिटावर सांबऱ्याचा पत्ता वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरात, एकेक अक्षर चित्रासारखं काढलेलं, आर सगळे उलटे. आत इंग्रजीतच पाच वाक्यं. मंगल, दर रविवारी मी तुझ्या घराच्या खिडक्या उघडते. वास नाही. तू आलीस, छान. नाही आलीस, तरी छान. खिडक्या मी उघडते. नातीसाठी शिकलेलं इंग्रजी तिनं पहिल्यांदा माझ्यासाठी खर्च केलं, पारमिता. आणि मी, इंग्रजीची मास्तरीण, त्याला दोन ओळींचं उत्तर लिहू शकले नाही. आज लिहू, उद्या लिहू करत दीड वर्ष गेलं. त्यानंतर तिचं काही आलं नाही. आता ती अठ्ठ्याऐंशीची. कचेरीला विचारलं असतं तर एका मेलमध्ये कळलं असतं, पण मी विचारलं नाही. तिच्या दारात उभं राहायची छाती मला नाही म्हणून मी तुला पाठवलं. हे माझं चुकलं, आणि तुला आधी न सांगता केलं हे त्याहून चुकलं.

तर चटणीचे डबे दोन आहेत, एक तिचा. डब्याखाली दुसरं पाकीट आहे, सोप्या इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, तिला वाचता येईल असं. दार उघडल्यावर वास आला नसेल तर बॅगसुद्धा उघडू नकोस. डबा आणि पाकीट घे, उजवीकडच्या घरी जा आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दे. मंगल चुकली म्हण. मग बुधवारी जा, आणि चौथी ओळ काय लिहायची आहे ते तिला विचारू नकोस, नुसती शेजारी बस. आणि वास आला असेल, तर वार कुठलाही असो, खिडक्या तू उघड. सगळ्या. मला फोन करू नकोस, पत्र टाक. टपाल यायला पंधरा दिवस तरी लागतात, तेवढे दिवस मला पाहिजेत.

तुझीच,
मंगलआक्का