जीवनने वाचलेला अर्ज

नवघर, भाऊबीज २००६

चि. जीवन,

मासळीवाल्या सरूबाईंना धडकून तुझी पोलीस जीप उलट्या बाजूने सुसाट गेली, तेव्हा मी समोरच होते. त्यांचा हात मोडला. पोलिसाविरुद्ध अर्ज कोण करणार, म्हणून मीच केला. चालक माझा सख्खा भाऊ, हेही लिहिलं. यंदाची भाऊबीज गेलीच, असं धरून चालले होते.

संस्कृतच्या बाईंचा अर्ज तो! जीपला मी ‘वेगोन्मत्त वाहन’ म्हटलं होतं. काल जबाब द्यायला गेले, तर साहेब म्हणाले, “मॅडम, कोणाला काही कळेना. शेवटी जीवनलाच वाचायला बसवला. त्याने एक ओळ गाळली नाही, स्वतःचं नावसुद्धा. वर म्हणाला, ताईने लिहिलंय ते खरंय.”

तुझ्याकडची जीप काढून घेतलीय. तरी आज ओवाळून घ्यायला आलास, आणि वर “ताई, पुढचा अर्ज सोप्या मराठीत लिही” म्हणालास.

हे पत्र टाकणार नाही. कौतुकाने तू लहानपणापासून बिघडतोस.

उद्या माफी मागायला येतोयस, हे सरूबाईंना कळवलं. म्हणाल्या, “येऊ दे की. पन चालत येऊ दे.”

तुझी फिर्यादी ताई,
राजश्री