कानजीबापांची बोली

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी मालकाच्या पोराचा, दिनेशभाऊंचा फोन. वाटलं, वाईट बातमी. पण म्हणाले, "नामदेवभाऊ, बापा शुद्धीवर आले. लवकर या. काय बोलून राहिले, आम्हाले समजत नाही."

कानजीबापा, आमच्या लाकडाच्या आरागिरणीचे मालक. शहाऐंशी वर्षांचे. मेंदूचा झटका येऊन दवाखान्यात आज पाचवा दिवस. मराठी गेली, हिंदी गेली. राहिली फक्त लहानपणची कच्छी. अन् ती घरात कोणालेच येत नाही. दिनेशभाऊंची आई इकडचीच, सावनेरची. घरात सारं मराठीच चाले.

मले येते. पहिले आऱ्यावर सारे कच्छी मिस्त्री होते. शिव्यांपासून शिकलो, बाकीचं चाळीस वर्षांत आलं.

बापाले पाणी पाहिजे होतं. एवढंच! चार जण भोवती उभे, अन् ते सकाळपासून पाणी मागून राहिले होते. चमच्या-चमच्यानं पाजलं.

९ जाने.

डॉक्टर म्हणे, मराठी परत येईल, नाही बी येणार.

बापा मधूनच मले माझे बाबा समजते. "गणपत, डब्यात माल चढला का?" छोट्या रेल्वेलाईनच्या रुळाखालचे लाकडी स्लीपर म्हणून राहिले ते. ती लाईन कधीच उखडली, आता मोठी गाडी धावते, खाली सिमेंट. "चढला," म्हटलं. खुश झाले.

१० जाने., शुक्रवार

आजची गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलेच खरी वाटणार नाही.

आमच्या घरी लहानपणापासून एकच ऐकलं: बाबाले कोणी काम देत नव्हतं, कानजीशेठनं दिलं. दरवर्षी दीक्षाभूमीवरून परत येताना बाबा आधी बापाले भेटून येत.

आज बापा नीट मले ओळखून बोलले. चौदा वर्षांचे असताना कच्छातून निघाले, कलकत्त्याले मामाकडे जायचं होतं. रस्त्यात ताप. लोकांनी नागपूर टेसनवर उतरवून देलं. मालधक्क्यावर स्लीपरच्या थप्प्यांमधी तीन दिवस पडून. बाबा तिथं हमाल. त्यांनी पाठीवर घालून वस्तीत आणलं. आजीनं ज्वारीची आंबील पाजली. पुढं रेल्वेनं नापास केलेले स्लीपर घेऊन दोघांनी फळ्या विकल्या. पहिला हातगाडा बाबांनी मागून आणला.

म्हणाले, "तुझ्या आजीनं ताट वेगळं नाही ठेवलं. विटाळाले मीच भीत होतो. तिनं हसून वाढलं."

बाबांनी हे कधीच सांगितलं नाही. घरी बायकोले, शोभाले सांगतलं तं ती पदरानं डोळे पुसत म्हणे, "तुमचे बाबा तसेच होते."

१२ जाने.

दिनेशभाऊंनी व्हरांड्यात नेलं. "गिरणीच्या जागेले गिऱ्हाईक आलं आहे. बापाले विचारा नं, आरा बंद करू का? ते म्हणतील तसं."

 आम्ही सात जण त्या आऱ्यावर. आमची खोली बी गिरणीच्याच आवारात, मागं. पोरं तिथंच मोठी झाली.

शोभा म्हणे, "त्यायचं बोलणं तुम्हालेच तं समजते. मंग..." काय सुचवून राहिली, मले समजलं. 

१३ जाने.

विचारलं.  बापा सावकाश म्हणाले, जंगल राहिलं नाही, लाकूड राहिलं नाही, बंद कर.

"बंद कर म्हणते," मी सांगून टाकलं. दिनेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच?" हो म्हटलं. छाती मोकळी झाली.

त्यानंतर बापा दिनेशभाऊंकडे पाहून आणखी बोलले. नामदेवची खोली अन् तिच्यासमोरचं अंगण विकू नको, त्याच्या नावानं कर. हे नाही सांगितलं.

१४ जाने., संक्रांत

शोभा चिडली. "काहून नाही सांगितलं?"
"माझंच मी कसं सांगू वं? दुसरा कोणी कच्छी समजणारा असता तं गोष्ट वेगळी."
तिनं तिळाचे लाडू देले, ते मी दवाखान्यात नेले. बापानं कणभर चाखला अन् माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढं मले पुरे. खरंच पुरे. आभाळभर पतंगा होत्या.

१६ जाने., गुरुवार

बापा रोज तेच म्हणून राहिले. आज चिडले, पलंगाची दांडी वाजवली. मी उशी नीट करत राहिलो.

बाहेर आल्यावर दिनेशभाऊंनी मोबाईल दाखवला. तीन दिवसांचं बोलणं टेप केलं होतं. "यात तुमचं नाव दरवेळी येते. तुम्ही दरवेळी खाली पाहता. काय आहे, भाऊ?"

मी चपला घालू लागलो.

तेच म्हणाले, "आता नको. उद्या माझी ताई येऊन राहिली पुण्याहून. तिच्यासमोर सांगा. तुम्ही सांगाल ते खरं. अर्थ विचारायले हे टेप मी कच्छातल्या कोणाले पाठवणार नाही."

या विश्वासानं तं जास्तच अवघड करून ठेवलं. आमच्या पाठीवर हात टाकणारी माणसं आम्हाले भेटली, हे काही लहान नाही. पण उद्या त्या दोघांसमोर तोंड उघडल्यावर त्यातून खोलीची गोष्ट निघते का नाही, ते मले बी पाहायचं आहे. शोभानं पांढरा शर्ट काढून ठेवला.