थोरल्या आईची नारिंगी

१९ डिसें., शुक्र., अमावस्या
सकाळी देवपूजा आटोपून तसाच शेतात गेलो. हात धुतले नाहीत, बोटांना भंडाऱ्याची हळद होती. बांधावरच्या नारिंगीच्या झाडाची चारी बाजूंची एकेक तोडली, आडवी कापली, दगडावर मांडून चव घेतली. उन्हाकडची भरलीय. विहिरीकडची अजून दात आंबवते. तेवढ्यात लाईट आली, मोटर चालू करायला पळालो. फोडी तिथंच राहिल्या.

२० डिसें.
म्हादूनं गावभर केलं. चुलतभाऊ, बांधापलीकडचा. म्हणे अमावस्येला बांधावर फळं कापून, हळद लावून मी करणी केली, म्हणून त्याची म्हैस आटली.
पारावर तोंडावर म्हणाला, "लिंबू मिळालं न्हाय व्हय दादा? नारिंगीवर भागवलं?" लोक हसले.
"म्हशीला आधी सरकी घाल," मी म्हणालो. लोक आणखी हसले. तो नाही.
"बेल-भंडारा उचलून शपथ घ्या मग. देव नळदुर्गच्या मुक्कामाहून परत आले की देवळात, सगळ्यांसमोर."
भंडारा कपाळाला लावायचा असतो. म्हशीसाठी उचलायचा नसतो.

२३ डिसें.
बाजारात किन्नू आलेत. तेल चोपडल्यासारखे चकचकीत, गोड, पण फोडीफोडीला बिया. नागपुरी संत्र्याची साल झबल्यासारखी सैल. मोसंबी आजाऱ्याचं फळ, कुणाशी भांडत नाही. आमची नारिंगी लिंबाहून जराशी मोठी. नख लावलं की साल येते, वास दुपारपर्यंत बोटांत. पहिल्या फोडीला कानामागं झिणझिण्या, मग मागाहून गोडी. म्हादूत ती मागाहूनची गोडीही नाही.
झाड आजोबांनी लावलेलं. जमीन वाटली, झाड दोघांचं ठेवलं. थोरली आई, म्हादूची आई, दात गेल्यापासून दर हिवाळ्यात माझ्या हातची सोललेली खाते. शिरा काढून, बिया काढून. यंदा अजून एकही नाही.

२६ डिसें.
पाच नारिंग्या हिच्याबरोबर पाठवल्या. म्हादूच्या बायकोनं उंबऱ्यातच घेतल्या आणि हिच्यादेखत उकिरड्यावर टाकल्या. आतून म्हातारी विचारत होती, "बाबूची नारिंगी आली का गं?"
"न्हाय आली, आत्या."
जपाला बसलो तर नामाऐवजी म्हादूच येतो. माळ दोनदा ठेवून दिली.

२९ डिसें.
म्हादूनं त्याच्या बाजूच्या फांद्या तोडल्या, फळांसकट. वास पार विहिरीपर्यंत.
"दोघांचं झाड आहे."
"माझं निम्मंच तोडलंय. मोजून घ्या."
हातात खुरपं होतं. खाली ठेवायला वेळ लागला.
ही म्हणते, खरंच आहे तर उचला एकदाचा भंडारा. खरं आहे म्हणूनच नाही. आज या म्हशीसाठी उचलला तर उद्या पुढच्या म्हशीसाठी.
पण म्हातारीनं काय केलंय?

१ जाने.
म्हातारी चार दिवस खोकतेय. आंबट द्यावं का, हे वेगळंच. दिलं नाही आणि पुढचा हिवाळा तिला…
देवासमोर बसलो.

२ जाने., शुक्र.
दिवसाढवळ्या गेलो. पुढच्या दारानं. म्हादू ओट्यावर.
"कुठं निघालात?"
"थोरल्या आईकडं."
"पिशवीत काय हाय?"
"तुझ्या निम्म्यातलं नाही."
उठला, पण आडवा आला नाही. मी आत जाऊन तिच्या बाजेवर बसलो.
"लई उशीर केलास रं बाबू. मेले म्हणून समजलास व्हय?"
"खोकला आहे तुम्हाला. दोनच फोडी खा."
"तू सोल. फोडी मोजायला ही घरातली माणसं हायत की."
सोलली. शिरा काढल्या. ती एक डोळा मिटून चोखत राहिली. म्हादू दारात येऊन उभा.
"दादा, आता हिचा खोकला वाढला तर भंडाऱ्यावर भागायचं न्हाय."
"बरं," म्हणालो आणि दुसरी फोड सोलायला घेतली.