पत्रिकेत सोनं नसलेली मुलगी

चोआ चू कांग,
शुक्रवार

प्रिय अवू,

तुझा मेसेज मंगळवारी आला आणि आज शुक्रवार. चार दिवस मी नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवून गप्प बसलेय, तेव्हा तुला वाटलं असेल की आईच्या गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं. गुडघा बरा आहे. तू एका ओळीत विचारलं होतंस की माझी जन्मवेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं हीच ना, एकदा नीट बघून सांग, सुंगमिनची आजी अडून बसलीये. मी 'हो' टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. शेवटी तुझ्या कपाटातली चिनीची जुनी चौकटींची वही काढली, तिची मागची कोरी पानं फाडली आणि लिहायला बसले. मराठीतच लिहितेय. मोठ्याने वाच, म्हणजे अडणार नाहीस. आणि पहिल्यांदा वाचताना तरी सुंगमिनला शेजारी बसवून भाषांतर करत बसू नकोस.

फोनवर तू ते सगळं हसत हसत सांगितलंस. आजींनी तुमच्या दोघांच्या जन्मवेळा घेऊन तुमची ती आठ-आठ अक्षरं, म्हणजे त्यांच्याकडची पत्रिका, मांडली, त्यांच्या पाच तत्त्वांपैकी तुझ्या आठांत लाकूड निघालं, पाणी निघालं, आग आणि माती निघाली, पण धातू औषधालाही नाही. आणि त्यांचं आडनाव किम, म्हणजे धातूचं तेच अक्षर, सोन्याचंही तेच. सोनं आडनावाच्या घरात सोनं नसलेली सून कशी आणायची म्हणे. तू हसलीस, पण ते हसू मी ओळखते गं. सेकंडरी टूला नेटबॉलच्या टीममधून काढलं तेव्हाही अशीच हसत घरी आलीस आणि मग बाथरूमचा नळ अर्धा तास चालू होता. सुंगमिनला चार वर्षांचा असल्यापासून त्या बाईंनी वाढवलंय. त्यांच्या मनाविरुद्ध तो लग्न करणार नाही आणि तू त्याला करू देणार नाहीस, हे मला न सांगताही कळतं. आपल्याकडे निदान पंचमहाभूतांत धातू नाहीच, त्यामुळे त्यावरून तरी कुणी कुणाला अडवत नाही. आपण बाकी शंभर गोष्टींवरून अडवतो, ते सोड.

हे अक्षर माझ्या घरात आलं ते शेजारच्या क्वेक आंटींच्या दारातून. आज स्पष्टच लिहिते, कारण चाळिशीत लाज वाटायची, आता पंचावन्नला कंटाळा येतो. मी त्या बाईवर जळत होते. थोडंथोडकं नाही, चांगली पंधरा वर्षं. आपण भारतातून इथे आलो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. शाळेत मातृभाषा म्हणून मराठी मिळत नव्हती, मी म्हटलं हिंदी घेऊ, निदान लिपी तरी एक. बाबा म्हणाले, चिनी घेऊ, स्कोप आहे. बाबांना प्रत्येक गोष्टीत स्कोप दिसतो. मग आपल्या दोघींनाही अभ्यास जमेना, आणि दुपारी जाळीच्या दारातून क्वेक आंटींनी तुझी वही बघितली आणि म्हणाल्या, पाठवून दे तिला, मी बसते. मीच पाठवलं. ही माझीच करणी.

त्यांच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, ते बंद केल्यावर उरलेला माल खोक्यांत भरून घरी होता. त्या तुला पुस्तकातून शिकवायच्याच नाहीत. हातात खिळा द्यायच्या, कुलूप द्यायच्या, सुई, साखळी, कढई, गजराचं घड्याळ, आणि प्रत्येकाच्या अक्षरात डावीकडे तीच खूण शोधायला लावायच्या. वर छप्पर, खाली मातीत दोन दाणे, असं तू मला आल्या आल्या काढून दाखवलंस. शाळेतली खूण पाच रेघांची आणि आंटींची जुनी आठ रेघांची, तर तू आंटींचीच काढायचीस आणि बाईंची बोलणी खायचीस. मी पोळ्या लाटताना म्हटलं होतं, सोन्याची खूण खिळ्याला कशी काय, सोनं ते सोनं, लोखंड ते लोखंड. तू कमरेवर हात ठेवून मला समजावलंस की ते सगळ्या धातूंचं एकच घर आहे, सोनं त्यातलं थोरलं. तेव्हा तुझ्या बोलण्यात 'आंटी सेज' दर वाक्याला यायचं. रविवारी मी बाराखडीची वही काढली की मात्र 'लेटर लाह', नंतर बघू. ती वही अजून आहे माझ्याकडे. 'ठ'पर्यंत आलीयेस. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते त्या बाईला मी स्वयंपाकघरात एकटी असताना किती वेळा म्हटलं असेन.

पुढे तू त्याच अक्षरामागे निघालीस. ओसाकाला वर्षभर होतीस तेव्हा एकदा फोन केलास की आई, इथे शुक्रवार म्हणजे सोन्याचा वार, आणि आकाशातल्या शुक्रालाही चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम सगळीकडे सोन्याचा तारा म्हणतात. कुठे चिन, कुठे किन, कुठे किम, अक्षर एकच. मला एकदम आनंद झाला. मी म्हटलं, अगं, आपलाही शुक्रवार शुक्राचाच की. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तुला देण्यासारखं काहीतरी होतं. तू म्हणालीस, वॉव आई, थांब, हे आंटींना सांगते. आणि फोन ठेवलास. मी त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं.

आता नावाचं. चौथीत तुमची ती ब्रशने अक्षरं काढायची स्पर्धा होती आणि कागदावर चिनी नाव हवं होतं. शाळेने अवनीच्या जवळपास ऐकू येईल असं काहीतरी बनवून दिलं, ते आंटींना मुळीच पसंत पडलं नाही. नाव असं देतात का, म्हणाल्या, जन्मवेळ बघायची, पाचातलं काय कमी आहे ते बघायचं आणि ते नावात घालायचं. लाल कव्हरचं जुनं पुस्तक बगलेत धरून त्या जाळीच्या पलीकडे उभ्या राहिल्या. भारतातलीच वेळ सांग, इथली करून सांगू नकोस, इतकं त्यांनी बजावलं. माझे हात चकलीच्या पिठाने भरले होते.

तुला माहीत नाही, पण तुझं नाव मला ऋग्वेदा ठेवायचं होतं. नऊ महिने मी तुला त्याच नावाने हाक मारली. बारशाला अंजलीआत्याने पाळण्यात वाकून तुझ्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणाली अवनी. आत्याचा मान, कोण काय बोलणार. माझ्या सासूबाईंनी पेढे वाटले, मीही वाटले. आणि आता दहा वर्षांनी दुसऱ्यांदा तुझं नाव ठेवायची वेळ आली, तर तेही दुसऱ्याच बाईच्या हातात, आणि मी परत पिठाचे हात घेऊन दारात. मी पत्रिका न मानणारी बाई, बी.एस्सी. फिजिक्स. पण त्या क्षणी मला वाटलं की वेळ चुकीची दिली तर नाव चुकेल, आणि चुकीचं नाव माझ्या लेकीला चिकटणार नाही. मी म्हटलं, सकाळी. सहा वाजून दहा मिनिटांनी. मिनिटं खरी होती. 'सकाळी' हा एक शब्द खोटा होता.

तीन दिवसांनी आंटी आल्या त्या चेहरा पाडून. मुलीत धातू अजिबात नाही, म्हणाल्या. मग त्यांनी नाव दिलं, आन मिंग. मिंगमध्ये डावीकडे तीच सोन्याची खूण, अर्थ धातूवर कोरून ठेवणं, म्हणजे न विसरणं. अवनी म्हणजे माती असं मीच कधीतरी सांगितलं होतं, तेही त्यांनी जमेला धरलं, मातीतूनच धातू जन्मतो म्हणाल्या. घ्या, अंजलीलाही श्रेय मिळालं. सगळ्यांना मिळालं, मी सोडून. आणि मग फार जपून त्यांनी ब्लाउजच्या खिशातून लाल कागदाची पुडी काढली. त्यात ते कुलपाच्या आकाराचं सोन्याचं इवलंसं लॉकेट होतं. नातीसाठी करून ठेवलं होतं, झाले दोघे नातू. हिला गरज आहे, असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत ते तुझ्या गळ्यात घातलं. माझ्या आईच्या मोत्याच्या कुड्या तुझ्यासाठी डबीत पडून आहेत, तू त्या 'टू हेवी' म्हणून एकदाही घातल्या नाहीस. ते लॉकेट तू आंघोळीलाही काढत नाहीस.

चुकीचं नाव चिकटणार नाही म्हटलं होतं ना? चांगलं घट्ट चिकटलं. तुझे पेपर त्या नावाने छापले जातात, ओसाकात तुझ्या प्राध्यापक बाई त्याच अक्षरावरून तुला मेई म्हणतात, आता सोलमध्ये म्यंग. एका खोट्या शब्दावर तीन देशांत तुझं बस्तान बसलं आणि मला इथे अवू म्हणायला फोनची वाट बघावी लागते.

बुधवारी मी सेरंगूनला गेले होते. पडल्यापासून आंटी मुलाकडे असतात ना. नारळाच्या वड्या केल्या होत्या, ठरवून गेले होते की आधी त्यांना खरं सांगायचं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, हात पातळ झालेत, काल काय जेवल्या ते आठवत नाही. मला बघून म्हणाल्या, मिंगची आई आली. मिंग जेवते का नीट, मिंगला थंडी सोसते का. माझं नाव एकवीस वर्षांच्या शेजारात त्यांनी कधी विचारलं नाही असं नाही, पण त्या दिवशी ते त्यांना आठवलं नाही आणि तुझं आठवलं. इतक्या वयाच्या, थकलेल्या बाईवर मी तिथे बसल्या बसल्या परत जळले. वड्यांचा डबा ठेवला आणि काही न सांगता एमआरटी पकडून परत आले. तर त्यांना सांगायचं काम तुझ्यावर. तू सांगितलंस तर रागावणार नाहीत.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते, आणि मग पाकीट बंद करते, नाहीतर परत पुसेन. तू संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी झालीस. कपाटात साड्यांखाली ठेवलेली तुझी मूळ पत्रिका सोबत पाठवतेय, वर गुरुजींच्या हातची वेळ आहे, आजींना दाखव. बाबांना विचारू नकोस, ते नाशिकहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले म्हणून त्यांच्या लेखी तू सकाळचीच. आंटी ते लॉकेट तुझ्या गळ्यात घालून गेल्या त्याच आठवड्यात मी लायब्ररीत जाऊन त्या विषयाचं पुस्तक काढून बघितलं होतं. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ त्यांच्यात सोन्याचीच मानतात. म्हणजे तुझ्यात सोनं आहे हे मला तेव्हापासून माहीत आहे आणि तरी मी तुला उणी म्हणवून घेऊ दिलं. मंगळवारी 'हो' पाठवलं असतं तर आजींनी कदाचित मोडता घातला असता, आणि तू बॅग घेऊन या घरी परत आली असतीस. ते 'हो' मी दोनदा टाइप केलं, अवू. म्हणून हे पत्र. त्या खोट्यापायी माझी स्वतःची एक गोष्ट मला सतरा वर्षं तुला सांगता आली नाही, ती आता घे. हॉस्पिटलात दिवे नुकतेच लागले होते, माझ्या आईने तुला माझ्याआधी हातात घेतलं आणि म्हणाली, दिवेलागणीला आली गं, लक्ष्मी आली. सुंगमिनच्या आजींना हेही सांग, त्यांना कळेल. उणं होतं ते माझ्यात. आंटींचं लॉकेट काढू नकोस, लग्नातही घाल. पण आधी माझ्या आईच्या कुड्या घाल, मग लॉकेट.

तुझीच, अजूनही थोडी जळकीच,
आई